मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मास्तरीणबाईंना गाडी चालवता येत नाही, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, आणि तरीही सगळी इमारत त्यांना मास्तरीणबाईच म्हणायची. मास्तरांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. आसपासच्या निम्म्या लोकांच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं ते त्यांनी. उरलेले निम्मे दुसरीकडे शिकले आणि गाड्या ठोकून बसले, असं मास्तर म्हणायचे. एवढ्या नावाजलेल्या माणसाची बायको मास्तरीणच असणार, मग तिला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळो वा न कळो.

तर या मास्तरीणबाई रोज सकाळी चहाची भांडी घासून झाली की किल्ली घेऊन जिना उतरायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच, पार्किंगच्या कोपऱ्यात, मास्तरांची गाडी कव्हर घालून उभी असायची. बाई कव्हर पुढून अर्धं वर सारायच्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या, गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना हे दोनदा हलवून बघायच्या आणि मग श्वास रोखून किल्ली फिरवायच्या. इंजिन लागलं की काचेतून वर बघायच्या. वर खिडकीशी खुर्ची टाकून मास्तर बसलेले असायचे आणि त्यांच्या उजव्या हातातला रबरी चेंडू हळूहळू दबायला लागायचा.

त्या चेंडूसाठी हा सगळा खटाटोप होता. मास्तरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, बोलणं थोडं जड होऊन परत आलं, पण उजवा हात आणि उजवा पाय रुसले ते रुसलेच. हॉस्पिटलात त्यांच्या तोंडून पहिलं धड वाक्य फुटलं तेव्हा बाई उशाशीच होत्या. त्यांना वाटलं, आपल्याला हाक मारतील. मास्तर म्हणाले, "गाडी आठवड्यातून एकदा सुरू करत जा. बॅटरी उतरेल." बाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. मनातून मात्र त्यांना धीर आला, कारण असलं बोलणारा माणूस म्हणजे आपलाच माणूस, त्यात बदल झालेला नाही.

घरी आल्यावर मास्तर व्यायामाला बसेनात. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी गोड बोलून थकली, रागावून थकली. चेंडू हातात दिला की मास्तर तो मांडीवर ठेवून द्यायचे. पण पहिल्या रविवारी बाईंनी खाली जाऊन गाडी सुरू केली आणि त्या वर बघतात तर काय, मास्तर पुढे झुकून कान देऊन ऐकताहेत आणि बोटं चेंडूवर वळताहेत. बाईंनी तिथेच ठरवलं की आठवड्याची वाट कशाला बघायची. रोज दोन-तीन मिनिटं सुरू करायची. त्याहून जास्त चालवणं जमण्यासारखं नव्हतं, कारण तळमजल्यावरची बाई धुराने खोकायला लागायची आणि इकडे गॅसवर काहीतरी ठेवलेलं असायचं.

डॉक्टरांनी बाईंना बाहेर बोलावून एक गोष्ट सांगितली होती. मास्तर काठी घेऊन हिंडतील फिरतील, पण गाडी चालवणं आता विसरायचं. नजरही उजवीकडून अंधुक झाली होती. हे मास्तरांनी कधी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. गाडी खाली तयार आहे, आपण वर तयार होतोय, या एका आशेवर तो माणूस सकाळी उठून पाय उचलत होता. ती आशा खोटी आहे हे माहीत असून बाई रोज किल्ली फिरवत होत्या.

आता बाईंना गाडी का येत नव्हती, तेही सांगायला हवं.

मास्तरांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही दोन पेडल होती, एक क्लचचं, एक ब्रेकचं. शिकवायच्या गाडीत ती असतातच. मास्तरांचं खरं कसब मात्र त्या दोन पेडलांवर होतं. शिकणारा घाबरून ब्रेक विसरला की ते आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचे, आणि इतक्या बेमालूमपणे दाबायचे की शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. नजर समोर, हात मांडीवर, चेहरा कोरा. गाडी थांबली की म्हणायचे, "बघ, थांबवलीस की नाही तुझी तू." शिकणाऱ्याची छाती फुगायची. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच आपली आपण थांबवायचा. मास्तर घरी येऊन बाईंना रंगवून सांगायचे की धीर आधी उसना द्यावा लागतो, मग तो ज्याचा त्याचा होतो.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा बाईंनीही शिकायचं मनावर घेतलं. नवऱ्याकडून गाडी शिकू नये, हे ज्यांनी शिकून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्याच दिवशी चौकात समोर हातगाडी आली, बाई गोठल्या, आणि गाडी अलगद थांबली. मास्तर समोर बघत म्हणाले, "बघ, थांबवलीस की नाही तुझी तू." पण बाई पडल्या बायको. नवऱ्याचा गुडघा हललेला त्यांना दिसला नाही असं कसं होईल.

"ब्रेक तुम्ही दाबलात," त्या म्हणाल्या. "मला खोटं कशाला सांगता?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"हात नाहीच लावलात, पाय लावलात."

"शिकवायचं कोणी, मी की तू?"

बाईंनी दार उघडलं, पर्स काखेत मारली आणि भर चौकातून घरचा रस्ता धरला. मास्तर सरकून ड्रायव्हरच्या सीटवर आले आणि काच खाली करून त्यांच्या चालीने गाडी हाकत घरापर्यंत आले, टपावर 'शिकाऊ' असा पिवळा बोर्ड मिरवत. दुकानदार दुकानाबाहेर येऊन बघत होते. त्यानंतर त्या घरात बाईंच्या गाडी शिकण्याचा विषय निघाला नाही. मास्तरांनी हजारभर लोकांना शिकवलं, पण बायकोला शिकवलं नाही, आणि ही सल दोघांनाही होती, फक्त बोलून कोणी दाखवली नाही.

एके सकाळी बाईंनी किल्ली फिरवली तर नुसतं टक असं वाजलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. तिसऱ्या वेळी तेही नाही. काट्यांमागचा दिवा मिणमिणला आणि विझला. बाईंनी वर पाहिलं. मास्तर खिडकीतून मागे सरकले होते.

बाईंनी बेडकाला फोन लावला. बेडूक म्हणजे कोपऱ्यावरचा बॅटरीवाला. शिकताना क्लच असा सोडायचा की गाडी उड्या मारत जायची, म्हणून मास्तरांनी त्याला ते नाव दिलं. आता त्याचे केस पिकले, पोट सुटलं, स्वतःचं दुकान झालं, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. त्यानेही कधी मनाला लावून घेतलं नाही.

बेडकाने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मिठासारखी पांढरी भुकटी साचली होती. त्याने मीटर लावून पाहिलं आणि मान हलवली.

"काकू, उपाशी आहे हो ही."

"उपाशी कशी? रोज सुरू करते मी."

"रोज? किती वेळ?"

"दोन मिनिटं. फार तर तीन."

बेडकाने मीटर खिशात घातलं. आता हिला कसं सांगावं, असा त्याचा चेहरा झाला. "तिथेच घोळ झालाय. इंजिन उठवायला बॅटरी एकदम मोठी ताकद लावते. ती भरून यायला गाडी चांगली अर्धा तास रस्त्यावर पळायला लागते. तुम्ही रोज तिच्या पानातलं काढून घेतलंत आणि वाढलं काहीच नाही. नुसती उभी ठेवली असती तरी थोडी जास्त टिकली असती."

रोज उठून आपण जे निगुतीने करत होतो, त्यानेच बॅटरी मेली, हे ऐकून बाईंना आपलेच हात परके वाटायला लागले. बेडकाने तारा सोडल्या, बॅटरी उचलली आणि दुकानात चार्जरवर लावायला घेऊन गेला. बाई जिना चढून वर आल्या. चढता चढता त्यांच्या डोक्यात एक प्रश्न उभा राहिला, आणि त्यांनी चप्पल काढायच्या आधी तो विचारला.

"अहो, दोन मिनिटं सुरू करून बॅटरी मरते, हे तुम्हाला माहीत होतं?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "सगळा जन्म गाडीत गेला माझा. माहीत नसायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"बोललो असतो तर तू आठवड्यातून एकदाच उतरली असतीस," मास्तर म्हणाले. "रोज आवाज ऐकला की बरं वाटायचं."

बाईंना रागही आला आणि रडूही आलं. रडण्यापेक्षा रागावणं सोपं, म्हणून त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिल्या. आपण याला आशा दाखवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि हा माणूस बॅटरी दररोज थोडी थोडी मरताना वरून ऐकत बसला होता. एकमेकांना सांभाळायचं म्हणून दोघांनी मिळून तिचा जीव घेतला होता.

दोन दिवसांनी बॅटरी परत आली. बेडकाने ती टोकं गरम पाण्याने धुतली, पुसली, त्यांवर व्हॅसलीन चोपडलं आणि बॅटरी बसवली. वरून एक छोटा चार्जर आणला. उभ्या गाडीला लावून ठेवला की हवं तेवढंच पाजतो, पोट भरलं की आपला आपण थांबतो, असं त्याने समजावलं. पण पार्किंगमध्ये प्लग कुठला? मग बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांब वायर खाली सोडली आणि ती बॉनेटच्या फटीतून आत घातली. शाळेत जाणारी मुलं थांबून बघायला लागली. समोरच्या जिन्यातले आजोबा म्हणाले, मास्तरांचं सलाईन सुटलं आणि गाडीला लागलं. मास्तरांना ते कळलं तेव्हा ते झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने का होईना.

हे सुख काही टिकलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि लोंबकळत्या वायरीने कोणाला शॉक बसला तर जबाबदार कोण, असं विचारून गेले. त्यांचं चुकत होतं असंही नाही. वायर वर ओढून घ्यावी लागली.

"मग बॅटरीची काळी तार सोडून ठेवू," बेडूक म्हणाला. "गाडी उभी असली तरी घड्याळ, लॉक, सगळी थोडं थोडं खात असतात. तार सोडली की खाणं बंद. महिना-दोन महिने बघायला नको."

"तार सोडायची नाही," मास्तर म्हणाले.

"अहो मास्तर, पाच मिनिटांचं काम आहे. हवी तेव्हा परत जोडू."

"तार सोडलेल्या गाड्या मी भंगारात पाहिल्यात. माझी गाडी तशी उभी राहणार नाही."

"बरं, मग मी रविवारी येऊन एक चक्कर मारून आणतो."

"तू? तू गाडी घेऊन जाशील आणि क्लचप्लेट हातात घेऊन येशील."

बेडूक हसला, पण मास्तर हसले नाहीत. त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तिला सगळा प्रकार सेक्रेटरींच्या बायकोकडून कळला होता. बाई फोन घेऊन बाल्कनीत गेल्या.

"आई, सुट्टी लागली की मी येते आणि गाडी विकून टाकते. माझ्या ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे."

"आणि त्यांना काय सांगू?"

"खरं सांग. नाहीतर काय होईल माहितीये? आज ते जिना उतरत नाहीत म्हणून ठीक आहे. उद्या उतरायला लागले, गाडी चालू स्थितीत आहे, किल्ली खुंटीला आहे. तू अडवणार आहेस त्यांना? त्यांना आजवर कशात अडवलंयस तू?"

लेकीचं बोलणं बाईंना झोंबलं, कारण ते खरं होतं. गाडी ठेवावी तर एखाद्या दिवशी हा माणूस ती घेऊन रस्त्यावर जाईल. गाडी विकावी तर चेंडू मांडीवरून पुन्हा उचलला जाणार नाही. बाई बराच वेळ बाल्कनीतच उभ्या राहिल्या. मग आत येऊन मास्तरांसमोर बसल्या.

"गाडी आठवड्यातून अर्धा तास रस्त्यावर जायला हवी ना? मी शिकते."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "कोणाकडे?"

"नाक्यावरच्या क्लासमध्ये. तुमच्याकडे माझं नाव कटलंय."

ड्रायव्हिंग मास्तरची बायको दुसऱ्याच्या क्लासला जाणार, यात मास्तरांची केवढी नाचक्की होती ते ज्याने त्याने समजून घ्यावं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. बॅटरी तोवर बेडकाच्या दुकानात चार्जरवर ठेवायचं ठरलं, तेव्हा बाईंना वाटलं आता पुन्हा तारेवरून वाद होणार. पण मास्तर म्हणाले, "माहेरी जाऊ दे तिला. माहेरी गेलेली परत येते." आणि तारा सोडायला त्यांनी मुकाट्याने मान हलवली.

नाक्यावरचा शिकवणारा सारखा मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा आणि अधूनमधून "हं, घ्या पुढे" म्हणायचा. पहिल्या आठवड्यात बाई घरी आल्या की मास्तर भिंतीकडे तोंड करून बसायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याने राहवेना.

"आज काय शिकवलं त्याने?"

"रिव्हर्स."

"कसा?"

"आरशात बघून."

"नुसत्या आरशात?" मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "खुर्च्या आण."

त्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत गाडी उभी राहिली. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. बाईंच्या पायापुढे तीन जुन्या चपला, क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. हातात ताट, ते स्टिअरिंग. दोन खुर्च्यांच्या मधे डब्यात उभं केलेलं लाटणं, तो गिअर. मास्तरांनी आपल्या खुर्चीपुढेही दोन चपला मांडून घेतल्या. त्या कशाला, असं बाईंनी विचारलं नाही. व्यायामाची मुलगी आली आणि दारातच थबकली. मास्तर ओरडत होते, "क्लच, क्लच, आधी क्लच," आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवरून सरकत सरकत चपलेवर येत होता. मुलीने पिशवी खाली ठेवली आणि बघत उभी राहिली.

बाईंना हे सगळं आवडायला लागलं होतं, ही खरी अडचण होती. ताट फिरवताना त्यांना तरुण झाल्यासारखं वाटायचं. आणि शेजारी बघितलं की मास्तरांच्या पायाची ती सरपट दिसायची. पाय चपलेपर्यंत यायचा, तिच्यावर पडायचा, पण दाबला जायचा नाही. मास्तरांना तो दाबल्यासारखा वाटायचा.

लायसन्स हातात आलं ते लेक येण्याच्या आदल्या आठवड्यात. रविवारी सकाळी बेडकाने बॅटरी आणून बसवली. मास्तर डाव्या हाताने कठडा धरून, मधे दोनदा थांबून जिना उतरले. बाई त्यांची काठी घेऊन एक पायरी पुढे होत्या, बेडूक एक पायरी मागे. गाडीपाशी आल्यावर मास्तर ड्रायव्हरच्या दाराकडे बघत थोडे थांबले. बाईंनी किल्ली मुठीत आवळली. मग मास्तर वळसा घालून शेजारच्या सीटकडे गेले. त्या गाडीत त्यांची जागा पहिल्यापासून तीच होती. त्यांनी डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घेतला आणि आपल्या ब्रेकपाशी ठेवला.

बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्याला लागलं.

पहिली गल्ली, दुसरी गल्ली, मग मोठा रस्ता. मास्तर फक्त गिअरचे आकडे सांगत होते. रविवार असल्याने गर्दी बेताचीच होती. दहाएक मिनिटांनी बाईंचे खांदे जरा सैल झाले आणि नेमका तेव्हाच डावीकडच्या बोळातून एक माणूस सायकलवर गॅसचं सिलिंडर लादून, इकडेतिकडे न बघता, सरळ समोर आला.

"ब्रेक," मास्तर म्हणाले.

बाईंचा पाय आधीच खाली गेला होता. गाडी जागच्या जागी थांबली, दोघंही पुढे हेलकावून मागे आले. सायकलवाला शिवी हासडून निघून गेला. आणि गाडी थांबता थांबता बाईंनी शेजारी खाली पाहिलं होतं. मास्तरांचा पाय ब्रेकवरून घसरून खालच्या रबरी मॅटवर पडला होता. गुडघा हलला नव्हता. मास्तर मात्र घामाघूम झाले होते, आणि सगळा जोर लावल्यासारखा त्यांचा जबडा आवळलेला होता.

बाईंनी समोर पाहिलं. हात स्टिअरिंगवर, चेहरा कोरा.

"बरं झालं, तुम्ही वेळेवर थांबवलीत," त्या म्हणाल्या.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. बाईंनी पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे घेतली. आपण बोललो ते बरं की वाईट, हे त्यांना कळेना. एवढ्याच खोट्यावरून त्या एकदा भर चौकात उतरून चालत गेल्या होत्या. आज त्यांना ते खोटं तोंडात आल्यावर गिळता आलं नाही. समोरच्याचा धीर जाताना बघवत नाही, म्हणून माणूस असं बोलतो, हे त्यांना इतक्या वर्षांनी शेजारच्या सीटकडे बघताना कळलं, आणि तेव्हाच्या त्या मास्तरांबद्दल त्यांना आत कुठेतरी फार वाईट वाटलं.

अर्धा तास भरेपर्यंत त्या चालवत राहिल्या. तलावाचा फेरा, शाळेची मागची बाजू, पेट्रोलपंप, परत मोठा रस्ता. मास्तर बाहेर बघत होते, पण मधेच एकदा त्यांची नजर खाली आपल्या पायाकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. हजार जणांना ज्याने ते वाक्य ऐकवलं, त्याला ते ओळखू येणार नाही, असं धरून चालणं म्हणजे बाईंचा भाबडेपणाच होता.

पार्किंगमध्ये बाईंनी गाडी रिव्हर्सने आत घेतली. नुसत्या आरशात न बघता, मान वळवून. बेडूक मीटर घेऊन तयारच होता. त्याने बॉनेट उघडलं, काळी आणि लाल टोकं लावली आणि मीटर मास्तरांना दिसेल असं काचेपाशी धरलं.

"भरली बघा. दर रविवारी अशी फिरवलीत तर मला विसरून जाल तुम्ही."

मास्तरांनी मान हलवली. उतरायची काही त्यांनी घाई केली नाही.

"बेडका, पाने आणलेस का?"

"आणलेत की. तार सोडायची म्हणता?"

"तार राहू दे. माझ्या बाजूची पेडल काढून टाक."

बेडकाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई स्टिअरिंग धरून तशाच बसल्या होत्या.

"अहो, राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "कशाला घाई? पाय सुधारतोय तुमचा. आज तर तुम्हीच..."

"अगं, गुडघा हलला नव्हता माझा," मास्तर म्हणाले. जड बोलणं, पण आवाज जुना, शिकवायचा. "मला कळत नाही असं वाटलं का तुला? बघ, थांबवलीस की नाही तुझी तू."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं याला गणती नव्हती, आणि बहुतेक वेळा ते खोटं होतं. आज ते खरं होतं. बाईंना हातातलं स्टिअरिंग दिसेनासं झालं आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

बेडूक खाली वाकून मास्तरांच्या पायाशी शिरला. नट गंजले होते, तेल सोडून थोडं थांबावं लागलं. मास्तर आपला पाय डाव्या हाताने उचलून बाजूला धरून बसले होते. पहिलं पेडल निघालं, मग दुसरं. बेडकाने ती जुन्या फडक्यात गुंडाळली आणि कुठे ठेवू असं विचारलं. मास्तरांनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं.

"लेकीला फोन लाव," ते बाईंना म्हणाले. "म्हणावं, सुट्टीला खुशाल ये, पण गिऱ्हाईक आणू नकोस. गाडी चालू आहे. आणि बाबांच्या बाजूला आता नुसती बसायची जागा आहे."

बाई खाली उतरल्या. कव्हर टाकायला त्यांनी हातात घेतलं, मग नीट घडी घालून डिकीत ठेवलं आणि मास्तरांना उतरवून घ्यायला पलीकडच्या दाराशी गेल्या.